प्रवरेचे पाणी आणि साठ वर्षे उशिरा आलेली वीज

नदीच्या पाण्यातून किती वीज निघेल हे ठरवताना मुख्यतः दोन गोष्टी मोजाव्या लागतात: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. अकोले तालुक्यातल्या प्रवरेकडे दोन्ही आहेत. घाटघर-रतनवाडीच्या पावसाला लोक ‘नगरचे चेरापुंजी’ म्हणतात, तर रंध्याला नदी कड्यावरून थेट खाली झेपावते. तरीही भंडारदरा धरणाच्या पाण्याने वीज दिली ती धरण झाल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी.

धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केले. उंची २७० फूट, साठा ११ टीएमसी. त्या वेळी जलविद्युत काही नवलाची राहिली नव्हती; टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ पासूनच मुंबईच्या गिरण्या फिरवत होती. पण खोपोलीला घाटमाथ्यावरचे पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते आणि गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर. भंडारदऱ्याचे पाणी मात्र पूर्वेकडच्या अवर्षणग्रस्त शेतीसाठी साठवलेले. अकोले-संगमनेरच्या बाजूला तेव्हा एवढी वीज घेणार तरी कोण होते? माझ्या मते अडचण यंत्रांची नव्हती, गिऱ्हाइकाची होती.

आज ढोबळ हिशेब करून पाहावा. ८०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २२.६ घनमीटर पाणी. ते ७० मीटरवरून टर्बाइनवर सोडले आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सुमारे १२ मेगावॉट वीज मिळते. पूर्ण ११ टीएमसी साठा सरासरी ५० मीटर उंचीने उतरला असे मानले, तर एका भरण्यात साडेतीन कोटी युनिटांच्या आतबाहेर. साठ वर्षांचा गुणाकार वाचकांनीच करावा!

मात्र या गणितात एक रकाना नसतो. याच जिल्ह्यातल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९२१ पासून मुळशीत, टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांबरोबर लढले आणि ‘सेनापती’ झाले. मुळशीची वीज मुंबईला गेली. भंडारदऱ्याच्या जलाशयाने अकोल्यातल्या डोंगरी लोकांची जमीन घेतली आणि पाणी खालच्या तालुक्यांतल्या उसाला गेले. सोय दोन्हीकडे दुसऱ्याचीच झाली.

१९८० च्या दशकात धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आले. पुढे रंध्याच्या उताराचा उपयोग करणारे ३४ मेगावॉटचे दुसरे. तरी मालक सिंचनच राहिले. आवर्तन सुटले तर टर्बाइन फिरते. विजेची टंचाई आहे म्हणून कोणी कालवा सोडत नाही. म्हणून यंत्राची क्षमता आणि वर्षाकाठी मिळणारी वीज यांत मोठी तफावत राहते.

घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प (२००८) याहून वेगळा. तिथे मागणी वाढली की पाणी कोकणाकडच्या खालच्या जलाशयात सोडायचे आणि मागणी उतरली की पंपाने पुन्हा वर चढवायचे. त्यात जेवढी वीज मिळते त्याहून जास्त खर्ची पडते; कमाई वेळेची.

रंध्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्याने आता धरणातून किती पाणी सुटले आहे, याची आधी चौकशी करावी. पाणी वीजगृहाकडे वळलेले असले की कड्यावर बरेचदा नुसता ओला खडक दिसतो.