हरीण, रायफल आणि सार्वजनिक भूमी : अमेरिकी मृगयाकथेतील अंतराचा इतिहास

संस्कृतातील ‘मृग’ हा शब्द आरंभी कोणत्याही वन्य पशूचा वाचक होता. पुढे त्याचा अर्थसंकोच होऊन तो प्रामुख्याने हरणापुरता उरला. ‘मृगया’ या शब्दात मात्र जुना व्यापक अर्थ टिकून राहिला. इंग्रजीतील ‘डिअर’ या शब्दाची वाटचालही अशीच आहे. प्राचीन इंग्रजीत तो पशुमात्राला लावला जाई. कालांतराने तो एकट्या हरणाचा झाला. परस्परांशी व्युत्पत्तीचा संबंध नसलेल्या या दोन शब्दांचा प्रवास सारखाच व्हावा, यावरून शिकारीच्या कल्पनेत हरणाचे स्थान किती मध्यवर्ती होते, हे ध्यानात येते.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हरणाच्या शिकारीचा आणि तिच्या साहित्याचा विचार करावयाचा आहे. या शिकारीत तीन घटक एकत्र येतात. भूमी सर्वांची, म्हणजे कोणा एकाची नव्हे; हरीण कोणाच्याच मालकीचे नाही; आणि रायफल मात्र शिकाऱ्याची स्वतःची, बहुधा आयुष्यभर जपलेली. या तिघांना जोडणारी चौथी गोष्ट म्हणजे शिकारी आणि सावज यांच्यामधील अंतर. हे अंतर जसजसे वाढत गेले तसतसा शिकाऱ्यावरील संयमाचा भार निसर्गाकडून कायद्याकडे आणि कायद्याकडून त्याच्या विवेकाकडे सरकत गेला. या स्थित्यंतराची जाणीव कायद्याच्या बऱ्याच आधी साहित्याला झाली होती, असे आमचे प्रतिपादन आहे.

१

इंग्लंडमध्ये नॉर्मन काळापासून हरीण हे राजाचे आणि त्याने अनुगृहीत केलेल्या उमरावांचे सावज होते. या व्यवस्थेचे कठोरतम रूप १७२३ च्या ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’मध्ये दिसते. तोंडाला काळे फासून, शस्त्रे घेऊन वनात शिरणाऱ्या हरीणचोराला या कायद्याने देहदंड ठेवला. इ. पी. थॉम्पसन यांनी ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ (१९७५) या ग्रंथात त्याचा इतिहास मांडला आहे. हरणावरचा हक्क हा तेथे भूमीवरच्या सत्तेचाच एक प्रकार होता.

अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतकारांनी नेमकी हीच गोष्ट मागे टाकण्याचा प्रयत्न केला. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेने रहिवाशांना योग्य हंगामात स्वतःच्या जमिनीवर तसेच कुंपण न घातलेल्या अन्य जमिनींवर शिकार करण्याचे स्वातंत्र्य दिले. कुंपण नसणे हीच येथे हक्काची खूण ठरली. याच पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर परिसरातील जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची रायफल घडविली. नळीच्या आतील पीळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि गुळगुळीत नळीच्या बंदुकीहून कितीतरी दूरवर नेम धरता येई. कुशल नेमबाजासाठी दोनशे यार्ड हे तिच्या पल्ल्याचे माप होते. एका बाजूला कुंपण नसलेली भूमी आणि दुसऱ्या बाजूला दूरवर पोहोचणारी नळी, अशा संयोगातून अमेरिकी शिकाऱ्याची प्रतिमा उभी राहिली.

२

जेम्स फेनिमोर कूपर यांनी या प्रतिमेला नॅटी बम्पोच्या रूपाने नाव आणि चेहरा दिला. ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’चा बहुतांश भाग इंग्लंडमध्ये रद्द झाला ते वर्ष १८२३, आणि ‘द पायोनिअर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेही १८२३. हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो, कारण जुन्या जगात सैल होत असलेला हरणाचा कायदा नव्या जगात कसा आकार घेतो, हाच या कादंबरीचा विषय आहे.

कादंबरीचा आरंभच एका मारलेल्या हरणावरील वादाने होतो. न्यायाधीश टेम्पल हा भूमीचा मालक. त्याच्या हातातील बंदूक छर्ऱ्यांची. त्याचे छर्रे झाडात आणि एका तरुणाच्या खांद्यात शिरतात. हरीण पडते ते दुसऱ्याच्या गोळीने. तरीही टेम्पल पैसे देऊन ते आपलेसे करू पाहतो. मालकीहक्क आणि नेम यांची ही पहिली झटापट होय. पुढे शिकारबंदीच्या काळात नॅटी सरोवरात पोहणारे एक हरीण मारतो. हे हरीण रायफलीने नव्हे, तर नावेतून अगदी जवळ जाऊन सुरीने मारलेले आहे. रायफल तो उगारतो ती झडतीसाठी दाराशी आलेल्या अधिकाऱ्यावर. यासाठी त्याला खोड्यात बसावे लागते, कैद होते. टेम्पलच्या कितीतरी आधीपासून या अरण्यात राहणारा माणूस त्याच अरण्यात गुन्हेगार ठरतो. कूपर यांनी कायद्याची बाजू मात्र पोकळ ठेवलेली नाही. गावकरी प्रवासी कबुतरांच्या थव्यांवर तोफ डागतात, तेव्हा नॅटी एका गोळीत एकच कबूतर टिपतो. पण एकट्या नॅटीचा संयम गावाला आवरू शकत नाही, हेही तेथे स्पष्ट होते. त्या जातीचे अखेरचे कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१८२६) मध्ये शत्रू नॅटीला ‘ला लाँग कॅरबीन’, म्हणजे ‘लांब बंदूक’, या नावाने ओळखतात. माणसाची ओळख शस्त्राने व्हावी इतके ते एकरूप झाले आहेत. याच कादंबरीत हरणावर रोखलेली रायफल त्याला खाली घ्यावी लागते, कारण बाराचा आवाज शत्रूला ऐकू जाईल. अन्कस ते हरीण बाणाने टिपतो. ‘द डिअरस्लेअर’ (१८४१) मध्ये ‘किलडिअर’ ही विख्यात रायफल त्याला भेट मिळते. ती हाती येताच तो काय करतो? केवळ पल्ला अजमावण्यासाठी आकाशात फार उंचावर असलेला एक गरुड तो पाडतो आणि लगेच पश्चात्ताप पावतो. सामर्थ्य आहे म्हणून ते वापरावे काय, हा प्रश्न त्याला तेथे प्रथम पडतो. भक्ष्यासाठी नव्हे, तर पोहोचते का हे पाहण्यासाठी झाडलेली ही गोळी आहे. दूर पल्ल्याच्या शिकारीवरील पुढील सर्व चर्चेचे बीज आम्हांस या प्रसंगात दिसते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. काडतुसाच्या अनेकबारी रायफली, लोहमार्ग आणि मांस-कातड्यांचा बाजार यांनी हरणांचा संहार केला. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सुमारे पाच लाखांपर्यंत खाली आली होती, असा अंदाज दिला जातो. थिओडोर रूझवेल्ट हे या काळाचे प्रातिनिधिक लेखक. ‘हंटिंग ट्रिप्स ऑफ अ रँचमन’ (१८८५) मध्ये आपल्या विंचेस्टर रायफलीविषयी ते आत्मीयतेने लिहितात. डाकोटातील ज्या एल्कहॉर्न रँचवर ते राहत, तेथील जमिनीची मालकी त्यांच्याकडे नव्हती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. १८८७ मध्ये त्यांनी व जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन केला. सावजाला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे, हे तत्त्व या क्लबने शिकारीच्या नीतीचे केंद्र मानले.

कायद्यानेही आपली भूमिका निश्चित केली. ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ (१८९६) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने वन्य पशू राज्याकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात, असे मानले. (राज्याच्या मालकीची ही कल्पना १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने मोडीत काढली, विश्वस्ततेचा विचार मात्र टिकून राहिला.) १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनःस्थापनेकडे वळविले. म्हणजे ज्या रायफलीने हरीण मारावयाचे तिनेच हरणांच्या संवर्धनाचा खर्च उचलावा, अशी ही योजना होती. आज त्या देशात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अडीच कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे, आणि सुमारे ६४ कोटी एकर भूमी, एकूण भूभागाच्या चतुर्थांशाहून अधिक, संघराज्याच्या ताब्यात आहे. तिच्या फार मोठ्या भागावर परवाना घेऊन कोणाही नागरिकाला शिकार करता येते.

परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दातील ‘जन’ कोण? १८९६ मध्येच ‘वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स’ या दुसऱ्या निवाड्यात, १८६८ च्या करारानुसार मोकळ्या भूमीवर शिकारीचा हक्क असलेल्या बॅनॉक जमातीच्या शिकाऱ्याविरुद्ध न्यायालयाने निर्णय दिला. वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळताच तो हक्क संपला, असे कारण देण्यात आले. नॅटीचा खटला येथे पुन्हा उभा राहतो. फरक एवढाच की, कादंबरीत ज्यांची बाजू गोऱ्या शिकाऱ्याच्या तोंडून मांडली जाते, ते मूळनिवासी येथे स्वतः आरोपी आहेत. हा तर्क सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिला तो २०१९ मध्ये, ‘हरेरा विरुद्ध वायोमिंग’ या प्रकरणात. क्रो जमातीच्या शिकाऱ्याने बिगहॉर्न राष्ट्रीय वनात हरणाच्याच कुळातील एल्कची शिकार केली होती. कराराचा हक्क राज्यस्थापनेने नष्ट होत नाही, आणि केवळ राष्ट्रीय वन घोषित केल्याने ती भूमी ‘व्यापलेली’ ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

४

विसाव्या शतकात रायफलीचा पल्ला पुन्हा वाढला. पूर्वेच्या दाट जंगलात हरीण जवळूनच दिसते. पश्चिमेच्या उघड्या माळांवर व डोंगरउतारांवर खेचरासारख्या मोठ्या कानांचे ‘म्यूल डिअर’ दूरवरूनच दृष्टीस पडते. १९२५ मध्ये आलेले .२७० विंचेस्टर काडतूस या भूमीला साजेसे होते. त्याचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते जॅक ओ’कॉनर हे अ‍ॅरिझोना विद्यापीठात अध्यापक होते आणि कादंबरीकारही होते. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातील त्यांच्या लेखनामुळे लाडक्या रायफलीविषयीचे गद्य हा जणू एक स्वतंत्र लेखनप्रकारच बनला. दस्त्याचे लाकूड, चापाचा हलकेपणा, विशिष्ट डोंगरावरील विशिष्ट नेम यांच्या आठवणींतून या गद्यात शिकाऱ्याचे आत्मचरित्रच उलगडत जाते.

अल्डो लिओपोल्ड आणि विल्यम फॉकनर यांनी मात्र उलट दिशेने विचार केला. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९) मधील एका प्रसिद्ध निबंधात लिओपोल्ड तरुणपणी उंच कड्यावरून खालच्या लांडग्यांवर केलेल्या गोळीबाराची आठवण सांगतात. लांडगे कमी म्हणजे हरणे अधिक, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढे लांडग्यांवाचून वाढलेल्या हरणांनी डोंगर उजाड केलेले त्यांनी पाहिले. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात, त्याचा न्यायनिवाडा त्याच्याच विवेकाने करावयाचा असतो, हेही त्यांनी नोंदविले. फॉकनर यांच्या ‘द बेअर’ (१९४२) मध्ये आइक मॅक्कॅसलिन या मुलाला वृद्ध अस्वलाचे दर्शन होते ते बंदूक मागे ठेवून, नंतर घड्याळ व होकायंत्रही सोडून दिल्यावर. पल्ला शून्यावर आणल्यानंतरच अरण्य त्याला सामोरे येते. हाच आइक पुढे वारसाहक्काने आलेली जमीनही नाकारतो. शस्त्राचा त्याग आणि भूमीचा त्याग यांचा संबंध लेखकाने जाणीवपूर्वक जोडला आहे.

अंतराचे आजचे स्वरूप समजून घेण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. पाचशे यार्डांवरील हरणापर्यंत पोहोचण्यास आधुनिक गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. दोनशे यार्डांवर नेम जुळविलेल्या .२७० ची गोळी तेथे तीन फुटांहून अधिक खाली आलेली असते, आणि वाटेतील वारा तिला बाजूला ढकलतो. तेवढ्या वेळात हरीण एक पाऊल टाकू शकते. त्या एका पावलाने तत्काळ मृत्यूऐवजी जखमी होऊन दूर जाऊन मरणे त्याच्या वाट्याला येते. अंतर मोजणारी लेसर यंत्रे आणि पल्ल्यानुसार नेम फिरविता येणाऱ्या दुर्बिणी आल्यावर गोळीच्या उताराचे गणित सुटले. वाऱ्याचे पूर्णतः सुटले नाही, आणि हरणाच्या पावलाचे तर सुटणारच नाही. शिवाय गोळी आवाजाच्या आधी पोहोचते. इतक्या दूरच्या शिकाऱ्याचा वास, चाहूल वा हालचाल यांपैकी काहीही हरणाला सहसा कळत नाही. ज्या इंद्रियांच्या बळावर हरीण हरीण म्हणून जगते, तीच येथे निरुपयोगी ठरतात. बून अँड क्रॉकेट क्लबने २०१४ मध्ये दूर पल्ल्याच्या नेमबाजीविषयी भूमिका जाहीर केली, तिचा रोख याच मुद्द्यावर होता. क्लबने यार्डांचा निश्चित आकडा ठरविला नाही. नॅटीला गरुडाने घातलेला प्रश्नच त्याने पुन्हा विचारला.

५

तौलनिक दृष्टीने पाहता भारतीय परंपरेत हा प्रश्न भूमीच्या बाजूने सोडविलेला दिसतो. ‘शाकुंतला’च्या आरंभी दुष्यंताचा बाण रोखला जातो, तो हरीण आश्रमाचे आहे म्हणून. नेमाचे अंतर तेथे गौण आहे. कोणत्या भूमीवरचा मृग, हे निर्णायक आहे. वसाहतकाळात १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण केली आणि तेथील शिकार परवानाधारकांची झाली. फाशांनी हरणे पकडणारे महाराष्ट्रातील फासेपारधी मात्र ‘गुन्हेगार जमातीं’च्या यादीत गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच कायदेशीरदृष्ट्या जवळजवळ मिटला, आणि मराठीत व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात मृगयेची जागा अरण्यनिरीक्षणाने घेतली. दूर पल्ल्याचे साधन म्हणून येथे रायफलीऐवजी दुर्बीण आली.

अमेरिकेत हरणाची शिकार आजही सामान्य माणसाचा हक्क आहे. म्हणून तेथील साहित्याला संयमाचा प्रश्न टाळता आलेला नाही. जमीन ज्याची नाही आणि हरीणही ज्याचे नाही, त्या माणसाजवळ स्वतःची म्हणता येईल अशी एक रायफल आणि ती न झाडण्याचा एक निर्णय, एवढेच उरते. परवाना त्याला हरीण मारण्याची मुभा देतो. कोठून मारावे, हे तो सांगत नाही. कूपरपासून फॉकनरपर्यंतच्या मृगयाकथा वाचताना बार काढल्याच्या प्रसंगांइतकेच बार न काढल्याचे प्रसंगही तपासावयास हवेत. भारतीय भाषांतील शिकारकथांनाही ही कसोटी लावून पाहणे उपयुक्त ठरेल.