वंगणाचं नळकांडं

आमच्या बैलगाडीच्या साठ्याखाली बांबूचं एक नळकांडं लोंबकळत असायचं. त्यात वंगण. पेंढा जाळून त्याची राख एरंडेलात खलायची, की झालं वंगण. लांबचं भाडं असलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, आदल्या रात्रीच चाक काढून आसाला वंगण घालायचे. पहाटे निघताना आसाची खीळ हलवून बघायची, धावेवर दगडानं ठोकून आवाज ऐकायचा आणि शेवटी बैलांचे खूर उचलून पत्री शाबूत आहे का ते बघायचं. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडायची. मग गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करायची. लाकूड फुगलं की धाव पुन्हा आवळून बसायची.

हे सगळं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. रानात, अंधारात चाक निखळलं तर कुणी येणार नाही, एवढंच माहीत होतं. त्यामुळं ज्याची गाडी, बघायचं कामही त्याचंच.

मोटार आली आणि हे काम हळूहळू दुसऱ्याकडं गेलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली, तीच पुढं पद्मिनी झाली. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. एसटीला डेपो होता, तिथं हवा, पाणी, ऑइल बघणारी माणसं होती. खाजगी गाडीवाल्याला मात्र स्वतःचेच हात काळे करावे लागत. प्लग पुसायचे, पॉईंट घासायचे, गाडीखाली शिरून ग्रीसगननं ग्रीस मारायचं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. हे येत नसेल त्याला कुणी ड्रायव्हर म्हणत नसे.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि शिकल्या-सवरल्या नोकरदाराच्या दारात गाडी उभी राहायला लागली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पॉईंट गेले, कार्बोरेटर गेला, ग्रीसचे निपलही बहुतेक गेले. गाडी चांगली झाली यात वादच नाही. पण मालकाची वाकून बघायची सवय त्याबरोबरच गेली.

माझी तरी कुठं राहिली होती? तेच सांगायचं आहे.

मी जुनी जीप घेतली तेव्हा गाडी शिकून मला वर्षही झालं नव्हतं. 1991 चा उन्हाळा. चुलत बहीण बाळंतपणानंतर सासरी, पाचगणीच्या वरच्या अंगाला गेली होती, तिला माहेरी आणायचं होतं. सोबत चुलती. बहिणीच्या मांडीवर चार महिन्यांचं पोर.

आठ-दहा दिवसांपासून ब्रेकचा पेडल मऊ लागत होता. पहिल्या दाबाला खाली जायचा, दुसऱ्या दाबाला धरायचा. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, असंच असणार. ब्रेक ऑइलच्या डबीत एकदा ऑइल ओतलं, तेवढ्यावर भागवलं. ते ऑइल कमी कशानं झालं, हा प्रश्नच मला पडला नाही. बंद नळीतलं ऑइल उडून जात नाही. कमी झालं म्हणजे ते कुठंतरी वाहतंय, नाहीतर लायनर झिजलेत. आज हे मला कळतं.

पसरणीचा घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल तळाला गेला. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, काही नाही. त्या काळच्या जीपगाड्यांना चारही चाकांना मिळून एकच ऑइलची लाइन असायची. एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक जायचा. आताच्या गाड्यांना दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी थोडीफार धरते. मी कसाबसा गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला चरात घातली. काच फुटली. चुलतीचं मनगट मोडलं. पोराला बहिणीनं पोटाशी आवळून धरलं होतं, त्याला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला दरी होती. त्यावर जास्त लिहवत नाही.

वाईच्या मिस्त्रीनं मागचं चाक खोललं. सिलिंडरमधलं रबर फाटलेलं होतं. टायरच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ होता, त्याच्यावर धूळ बसून काळा थर झालेला. मिस्त्री म्हणाला, "हे आजचं न्हाय, पाव्हणं. महिन्याचं हाय."

घरी अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बैलाचा खूर न बघता कधी गाडी जुपली व्हतीस का?"

मी म्हणालो, "अण्णा, गाडीचे कागद सगळे बरोबर होते."

"कागदाला ब्रेक असतो व्हय रं?"

कागदाचं खरं काय, ते मी नंतर समजून घेतलं. सध्याचा मोटार वाहन कायदा 1988 सालचा, तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. भाड्यानं चालणाऱ्या गाडीला, म्हणजे ट्रक, टेम्पो, बस, टॅक्सी यांना, ठरावीक मुदतीनं पासिंग करून घ्यावं लागतं. गाडी जुनी झाली की दर वर्षी. पण आपल्या घरच्या गाडीची नोंदणी एकदा झाली की 15 वर्षं चालते. त्यानंतर गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवायची. मधल्या 15 वर्षांत तिचा ब्रेक, स्टिअरिंग, टायर बघायला सरकार तुमच्या दारात येत नाही.

पुष्कळांना वाटतं, पीयूसी आहे म्हणजे गाडी तपासलेली आहे. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. विम्याचा कागद अपघात झाल्यावर उपयोगी पडतो, अपघात टाळत नाही. म्हणजे लायसन, नोंदणी, विमा, पीयूसी असे चारही कागद खिशात असताना गाडी बिनब्रेकची असू शकते. माझी तशी होती.

माझी एक भाची इंग्लंडात असते. तिकडं गाडीला दर वर्षी तपासणी लागते, एमओटी म्हणतात. मला कौतुक वाटलं ते तिच्या इतिहासाचं. 1960 साली ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांच्या वरच्या गाड्यांना होती. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे एवढंच बघायचे. सात वर्षांतच, 1967 ला, त्यांनी ती तीन वर्षांच्या वरच्या सगळ्या गाड्यांना लावली. आपल्याकडं घरच्या गाडीला असं होईल तेव्हा होईल. तोवर आपला अधिकारी आपणच.

मागच्या दिवाळीत नातवानं जुनी छोटी गाडी घेतली. लायसन नुकतंच हातात आलेलं. मी विचारलं, "बॉनेट उघडता येतं का?"

तो हसला. "आबा, त्याला शोरूम आहे की!"

मी म्हणालो, "शोरूम दहा हजार किलोमीटरला, नाहीतर वर्षानं. मधले दहा हजार कुणाचे?"

मग त्याला अंगणात घेऊन बसलो. सपाट जागा, इंजिन थंड. ऑइलची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा घालून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पाण्याची बाटली बघायची, पण गरम रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही, तोंड भाजतं. ब्रेक ऑइलची डबी पारदर्शक असते, तिच्यावरही दोन खुणा असतात. पातळी उतरली की नुसतं ओतायचं नाही, कारण शोधायचं. आणि ते ऑइल जुनंही होतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, लांब घाट उतरताना तापून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतो. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं.

टायरची हवा गाडी थंड असताना भरायची. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेलं असतं. टायरच्या खाचांत तळाला आडव्या उंच पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. तेव्हा 1.6 मिलिमीटरच खाच उरलेली असते. स्टेपनीतली हवा सगळेच विसरतात. एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं मागं उभं राहून दिवे बघायचे. गाडी काढताना जमिनीवर डाग पडलाय का, हे वळून बघायचं. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरायचा नाही. गाडी गिअरनं धरायची, ब्रेक गरजेला ठेवायचा.

सगळ्याला पंधरा मिनिटं लागली. डाव्या मागच्या टायरला आतून एक खिळा घुसलेला निघाला. नातवाचं हसू गेलं. पंक्चर काढायला तो स्वतः जॅक लावून बसला.

आपल्याकडं दसऱ्याला गाडी धुतात, हार घालतात, ते चांगलंच आहे. आमची बैलगाडीही पुजली जायची. पण अण्णा पुजेच्या आधी चाक काढायचे, मग हळद-कुंकू लावायचे. नातवाला मी तेवढंच सांगितलं. तो आता दर रविवारी सकाळी बॉनेट उघडतो. कधी मी ओट्यावर बसून बघतो, कधी चहा नेऊन देतो. त्याच्या बाजूच्या सीटवर आता त्याची आई बसते.