ब्लीचिंग पावडर : गिरणीपासून आपल्या टाकीपर्यंत

सोलापूरच्या पाण्याची गोष्ट सांगायची तर एकरुख तलावापासून सुरुवात करावी लागते. १८७१ साली पूर्ण झालेल्या या तलावाला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो. पुढे टाकळीहून भीमेचं पाणी आलं. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि नंतर तिथूनही जलवाहिनी आली. तरी नळाला रोज पाणी काही आलं नाही. पाणी काही दिवसांआड येणार म्हटल्यावर साठवण आली, साठवणीसाठी टाकी आली. पाणी सोडताना त्यात क्लोरीन असतो, पण टाकीत पडून राहिलं की तो हळूहळू उडून जातो. तिथून पुढची जबाबदारी आपली.

आपल्या आज्या पाण्यात तुरटी फिरवायच्या. तुरटीनं गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं. पण जंतू मारायला तेवढं पुरत नाही. ते काम ब्लीचिंग पावडर करते. गंमत म्हणजे ही पावडर पाण्यासाठी बनलेलीच नव्हती! ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते कापड पांढरंशुभ्र करण्यासाठी. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं शहराच्या पाण्यात ती रोज घालायला सुरुवात केली. आज आपल्या जिल्ह्यात आषाढी वारीच्या काळात पाण्याच्या शुद्धीकरणासाठी हीच पावडर लागते.

बाजारात द्रव क्लोरीन मिळतो, गोळ्याही मिळतात. सोसायटीच्या मोठ्या टाकीला पावडर स्वस्त पडते, पण ती ताजी हवी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उघडं पोतं आणि सोलापूरचं ऊन, दोन्ही मिळून त्याचा जोर घालवतात. मग वर्षभराचं पोतं एकदम घेऊन काय वाचलं? लहान पाकीट घ्यावं, तारीख बघावी, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावं.

प्रमाण सोपं आहे : १००० लिटरला अडीच ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतावं आणि तासभर थांबावं. मग सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी ओटी चाचणीनं तपासावं. पिवळसर रंग आला तर क्लोरीन तिथपर्यंत पोचला. अॅसिडबरोबर ही पावडर कधीच मिसळू नये. विषारी वायू होतो.

पंचवीस वर्षांत कमिट्या बदलल्या, पुढेही बदलतील. टाकी धुतल्याची आणि पावडर घातल्याची तारीख मात्र प्रत्येक कमिटीनं वहीत लिहावी. खर्च चहापाण्याएवढा, पण जुलाब-उलट्यांची साथ आली तर तिचा पहिला फटका लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बसतो.