धुराच्या बळावर फिरणारे चाक

हैदराबादेत अफझलगंजच्या नाक्यावर ज्यांनी बसची वाट पाहिली असेल, त्यांस तेथील धुराची ओळख निराळी करून द्यावयास नको. एका हाताशी उस्मानिया रुग्णालय, जवळच १८९१ साली आसफिया या नावाने स्थापन झालेले ग्रंथालय आणि मधून अहोरात्र वाहणारी वाहने. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या व १६६ नोकर एवढ्या संसारावर सरकारी बससेवा सुरू केली. पुढे पलीकडच्याच गौलीगुड्यात विमानांसाठी उभारलेल्या कमानदार लोखंडी छपराखाली बसचा तळ पडला. ते छप्पर २०१८ च्या जुलैत कोसळले. सुदैवाने त्याखाली कोणी दगावले नाही. याच भागातून मुलांना ग्रंथालयाकडे नेत असताना एकाने मला विचारले, “सर, गाडी उभी असते तेव्हा धूर बेताचा, मग निघतानाच एवढा काळा लोट का?”

प्रश्न साधा, पण उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

एक किलो डिझेल पुरते जाळावयाचे तर सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे जवळजवळ बारा घनमीटर, एखाद्या लहान खोलीत मावेल एवढी! इंजिन तेल पिते हे आपण जाणतो. ते त्याच्या कितीतरी पट हवा पिते हे आपल्या ध्यानात येत नाही. तेल हवे तेवढे आत लोटता येते. हवा मात्र सिलिंडरच्या पोटात मावेल तेवढीच. तेल वाढले व हवा तेवढीच राहिली, की उरलेले तेल अर्धवट जळते आणि काजळी होऊन रस्त्यावर येते. तो काळा लोट म्हणजे प्रवाशाच्या तिकिटाचे पैसेच होत, आणि समोरच्या रुग्णालयात श्वासासाठी धडपडणाऱ्या रोग्याच्या वाट्याला तेच येतात.

या कोंडीवरचा उपाय विंटरथूर या स्विस गावी जन्मलेल्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यास सुचला. तेव्हा त्याचे वय अवघे २६ होते. त्याचा हिशेब सरळ होता. इंधनातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कामी येतो आणि जवळजवळ तेवढाच धुराबरोबर आकाशात जातो. या तापलेल्या, वेगाने सुटणाऱ्या धुरानेच एक पाते-चाक फिरवावे, त्या चाकाने हवा दाबणारा पंखा चालवावा आणि ती दाबलेली हवा पुन्हा इंजिनाच्या मुखी द्यावी. १६ नोव्हेंबर १९०५ या दिवशीचे त्याचे जर्मन एकस्व या कल्पनेचे आहे. त्या पहिल्या आराखड्यात पंखा, इंजिन व चाक ही तिन्ही एकाच दांड्यावर ओवलेली होती. इंजिनाचा दांडा आणि वायूचे चाक यांच्या वेगांत महदंतर असते. एका जुवाला बैल व घोडा जुंपावा तसा तो प्रकार.

पुढची वीस वर्षे ब्यूखीच्या हाती फारसे यश आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केलेले प्रयोग फसले, कारण हवेचा दाब टिकेना. तो मात्र कल्पनेस चिकटून राहिला. चाक व पंखा यांची जोडी इंजिनाच्या दांड्यापासून अलग केली गेली. १९२४ साली ब्राउन बोवेरी या कारखान्याने विंटरथूरच्या इंजिन-कारखान्यास असे पहिले यंत्र दिले. १९२५ मध्ये ब्यूखीने आणखी एक सुधारणा केली. निरनिराळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळीत कोंबल्यास एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून त्याने सिलिंडरांचे गट पाडून प्रत्येक गटास स्वतंत्र वाट दिली. आता प्रत्येक झोत चाकावर नेमका आदळू लागला.

१९२६ साली बाल्टिक समुद्रावर ‘प्रॉइसन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ ही दोन प्रवासी जहाजे फिरू लागली. त्यांच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनांची मूळ शक्ती १७५० अश्वशक्ती होती. टर्बोचार्जर बसविल्यावर ती २५०० झाली. ब्यूखी १९५९ साली वारला. तोपर्यंत या चाकाची मोठ्या जहाजांवर चलती झाली होती. २००६ साली बांधलेल्या ‘एमा मेर्स्क’ या महाकाय मालवाहू जहाजाचे इंजिन ८०,००० किलोवॅटांचे. धुरावर फिरणाऱ्या चाकांवाचून त्याचा विचारच करता येत नाही.

आपल्याकडे डिझेल इंजिन प्रथम ओळखीचे झाले ते विहिरीवर. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाले आणि मराठवाड्याच्या मळ्यांतून एका सिलिंडरचा तो ठेका ऐकू येऊ लागला. संथ चालणाऱ्या त्या बिचाऱ्या इंजिनास टर्बोचार्जरची हौस परवडणारी नव्हती, आणि गरजही नव्हती. धुराच्या चाकाची खरी ओळख पटली रुळांवर. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बांधली जाऊ लागलेली ‘डब्ल्यूडीएम-२’ जातीची सोळा सिलिंडरांची, २६०० अश्वशक्तीची इंजिने दक्षिण मध्य रेल्वेवरही वर्षानुवर्षे धावली. स्टेशनातून गाडी निघताना त्यांच्या माथ्यावर उठणारा काळा फवारा अनेकांना आठवत असेल. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. चालकाने खटका पुढे सरकविताच तेल तत्काळ वाढते. पण चाक धुरावर चालणारे, धूर वाढल्याशिवाय त्यास गती येत नाही. तेवढे क्षण इंजिन श्वासावाचून जेवते. उरलेले अर्धे उत्तर जुन्या बसगाड्यांचे: त्यांना हे चाक नव्हतेच आणि पाठीवर ओझे मात्र दुप्पट.

या चाकाचा एक वैरी अफझलगंजास चांगलाच परिचित आहे: धूळ. १९५२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बोचार्जर लावलेली डिझेल मोटार पात्रता फेरीतून आरंभरेषेवरील पहिल्या स्थानाची मानकरी ठरली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र २०० पैकी ७१ फेऱ्यांतच ती थांबली. वाटेवरच्या टायरांचा रबरी चुरा हवा घेण्याच्या मुखात अडकून तिचा श्वास कोंडला. याच कमिन्सबरोबर किर्लोस्करांनी १९६२ साली पुण्यात भागीदारी केली आणि मोठ्या टर्बोचार्जर-इंजिनांची निर्मिती महाराष्ट्रात सुरू झाली.

ट्रक-बसांत हे चाक सर्रास आले ते मात्र १९९० नंतर धुरावर सरकारी बंधने येऊ लागली तेव्हा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले; त्यानंतरच्या डिझेल गाडीतून काळा लोट उठला तर काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे.

लांब पल्ल्याची बस मुक्कामी पोहोचल्यावरही चालक इंजिन लगेच बंद करीत नाही, दोन-तीन मिनिटे तसेच फिरू देतो, याबद्दल प्रवासी कुरकुरतात. मीही कुरकुरलो आहे. पण मिनिटास लाखभर फेरे घेणारे ते तापलेले चाक तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. इंजिन एकदम थांबले तर तेल थांबते, चाक थांबत नाही. म्हणून जाणता चालक त्यास निवू देतो आणि मगच किल्ली फिरवितो.