रस्ता मुलांच्या हवाली

नेदरलँड्समध्ये राहत्या घरांच्या गल्लीच्या तोंडाशी पुष्कळदा एक निळी पाटी दिसते. तिच्यावर घर, माणूस, चेंडू खेळणारे मूल आणि मोटार अशी चित्रे असतात. पाटी ओलांडली की ‘वोनएर्फ’ सुरू झाला, म्हणजे घरांचे सामाईक अंगण. इथे चालणाऱ्याने कडेकडेने जायची गरज नाही, रस्त्याची सगळी रुंदी त्याची. मुलांना रस्त्यात खेळायची मुभा आहे, तीही कायद्याने. मोटारीने मात्र अगदी सावकाशच जायचे.

मूळ कल्पना नगररचनाकार नीक द बूर यांची, १९६०च्या दशकातली. ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांनी १९६३ साली शहरांतल्या वाहतुकीवर गाजलेला अहवाल दिला होता, त्यातून द बूर यांना चालना मिळाली. ती कल्पना विटांत उतरवली डेल्फ्ट शहराचे अभियंता योस्त वाल यांनी, आणि मला मोठेपणा त्या कामात वाटतो. वाल यांनी फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली पायरीच काढून टाकली. डांबराऐवजी फरसबंदी केली. सरळ जाणारी गल्ली जाणूनबुजून मोडली: इकडे झाड, पलीकडे बाक, मध्येच गाड्या लावायची आखीव जागा, पुढे उंचवटा. समोरचे लांबवर दिसेनासे झाले की चालकाचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. वेगाला आवर घालायला कोपऱ्यावर पोलीस उभा करावा लागत नाही.

त्याच काळात डच रस्त्यांवर माणसे मरत होती. १९७१ या एका वर्षात सुमारे ३,३०० जण गेले, त्यांत ४००हून अधिक मुले. पत्रकार विक लांगेनहॉफ यांची लहानगी लेक त्यांतलीच, शाळेच्या वाटेवर मोटारीखाली सापडलेली. पुढच्या वर्षी त्यांनी लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला ‘मुलांची हत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्यांनी नाकारला, आणि तो नाकारायलाच हवा होता. त्याच नावाने आईबापांची चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवले, सायकलींचे मोर्चे काढले. १९७३च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो तेही सगळ्यांनी पाहिले.

१९७६ साली वोनएर्फला कायद्यात जागा मिळाली. गल्ल्या आधी घडल्या, कलमे मागाहून आली. त्या कलमांत चालणाऱ्यावरही एक बंधन होते: विनाकारण गाडीची वाट अडवायची नाही. जर्मनीने १९८० साली अशीच पाटी स्वीकारली.

पण नियम काटेकोर होते आणि प्रत्येक गल्ली नव्याने बांधायची तर खर्च फार. म्हणून १९८०च्या दशकात ताशी ३० किलोमीटर वेगाचे विभाग आले. त्यांत थोडक्या पैशात मोठा परिसर सामावतो. १९८८ साली वोनएर्फचे नियमही सैल झाले आणि बाजाराच्या रस्त्यांनाही ते लागू करता येऊ लागले.

तरी घरापुढची गल्ली निर्धोक झाल्याने मूल शाळेत सुखरूप पोहोचत नाही, मधले शहर उरतेच. डेल्फ्टने १९८०च्याच दशकात सायकलमार्गांचे तीन स्तरांचे जाळे विणायला घेतले: शहरभर जाणारे मार्ग, विभागांना जोडणारे, आणि थेट वस्तीतून निघणारे.