'काल' म्हणजे काल नव्हे!

परवा एका मित्राचा फोन आला. स्वारी पुढच्या महिन्यात नेदरलँड्सला निघालीय. "अरे, भाड्याचं घर बघायला जाताना कुठले डच शब्द पाठ करू?" म्हटलं, सर्वात आधी 'काल'.

डचमध्ये काल म्हणजे टकला, बोडका! काल घरात भिंती मिळतात, पण जमिनीवर फ्लोअरिंग नाही, पडदे नाहीत. ते असलं तर 'खेस्टोफेर्ट', फर्निचरसकट असलं तर 'खेम्यबिलेर्ट'. आणि आधीचा भाडेकरू आपलं लॅमिनेट, पडदे तुम्हाला विकत असेल तर ती 'ओव्हरनामे'.

पण खरा महत्त्वाचा शब्द वेगळाच: 'काले ह्यूर', म्हणजे बोडकं भाडं. वीज, गॅस, सर्व्हिस चार्जेस वगळून नुसत्या घराचं. या दोन शब्दांमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, मंडळी.

एकोणिसाव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅममधले गरीब लोक दमट तळघरांत राहायचे. १९०१ साली 'वोनिंगवेट' हा घरबांधणीचा कायदा आला. नगरपालिकांना बांधकामाचे नियम करणं भाग पडलं, राहण्यालायक नसलेली घरं बंद करता येऊ लागली आणि गृहनिर्माण संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं. मग पहिलं महायुद्ध. देश तटस्थ, पण बांधकामाचं सामान मिळेना, घरं अपुरी, भाडी वर. म्हणून १९१७ साली कायद्याने 'ह्यूरकोमिसी' नेमल्या: भाडं वाजवी की नाही ते ठरवणाऱ्या समित्या.

ह्यूरकोमिसी आजही आहे. घराचं क्षेत्रफळ, स्वयंपाकघर, एनर्जी लेबल यांना गुण देतात आणि गुणांवरून काले ह्यूरची कमाल मर्यादा ठरते. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा १८६ गुणांपर्यंतच्या घरांना बंधनकारक झाली. डिपॉझिट, म्हणजे 'बोर्ख', तेही १ जुलै २०२३ नंतरच्या करारांत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या काले ह्यूरइतकंच.

आता माझी गंमत. पहिलं घर बघताना घरमालक भराभर बोलत होता आणि मी लाजेकाजेस्तव "या, या" करत मान डोलवत होतो. करारात एकच ठोक रक्कम. वर्षभराने शेजारच्या आजींनी विचारलं, "तुझं काले ह्यूर किती?" मला सांगताच येईना! आजी म्हणाल्या, "मग ते जास्त आहे की नाही हे तुला कळणार कसं?" शंभर वर्षांपूर्वी लोकांनी मिळवलेला हक्क माझ्या खिशात होता, आणि मी तो एका शब्दापायी वर्षभर वापरलाच नाही.

असो. मित्राला तीनच वाक्यं पाठवली:

"इस दित द काले ह्यूर?" – हे नुसत्या घराचं भाडं का?

"हूफेल इस द बोर्ख?" – डिपॉझिट किती?

"कान इक म हीर इनस्ख्रैवन?" – या पत्त्यावर नगरपालिकेत माझी नोंदणी होईल ना?

उच्चार चुकले तर चुकू देत. 'ख' घशातून काढायला मराठी माणसाला फार जड जात नाही. पण उत्तर मिळेपर्यंत "या, या" म्हणायचं नाही!