त्रेचाळीस तास अकरा मिनिटं

खालच्या सगळ्या वेळा जपानच्या आहेत. भारतात बसून वाचणाऱ्याने साडेतीन तास वजा करावेत.

3 डिसेंबर 2021, संध्याकाळी 5:32
क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर या क्षणी काहीच घडलं नाही. संशोधकांच्या फायली ‘लार्ज-झिरो’ नावाच्या साठ्यात जिथल्या तिथे होत्या. पण यानंतर ज्या फाइलमध्ये काहीच बदल होणार नव्हता, तिचं मरण इथेच ठरलं.

14 डिसेंबर, मंगळवार
यंत्रणा पुरवणाऱ्या ह्युलेट पॅकार्डच्या जपानी कंपनीची बॅकअपची एक शेल स्क्रिप्ट होती. दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली ‘फाइंड’ कमांडने हुडकून पुसणं हेही तिचंच काम. तिच्यात सुधारणा झाली होती. कोड वाचायला सोपा जावा म्हणून व्हेरिएबलची नावं बदलली होती. अशा साफसफाईला कुठला वरिष्ठ नाही म्हणेल?

नवी फाइल जुनीवरच चढवली. जुनी तेव्हा चालू होती.

स्क्रिप्ट चालवणारा शेल, म्हणजे बॅश, ती अख्खी वाचून मग कामाला लागत नाही. थोडं वाचतो, ते चालवतो, मग पुढचं वाचतो. फाइलमध्ये आपण कुठवर आलो एवढंच तो ध्यानात ठेवतो. प्रवचन रंगलेलं असताना बुवांपुढची पोथी कुणी बदलावी आणि बुवांनी त्याच पानावरून पुढे वाचत राहावं, तसं झालं. वरचा भाग जुन्या फाइलचा चालून गेला होता, खालचा नव्या फाइलचा आला. त्यातल्या नव्या नावाला किंमत कुणी दिलीच नव्हती. आणि शेलच्या लेखी असं नाव म्हणजे चूक नव्हे, नुसती रिकामी जागा.

संध्याकाळी 5:32
लॉगच्या डिरेक्टरीचा पत्ता गळाला आणि फाइंड लार्ज-झिरोमधल्या फायली पुसत सुटला. दिवसांची अट मात्र शाबूत राहिली. फाइंड पुऱ्या चोवीस तासांचाच दिवस धरतो, वरचे तास सोडून देतो. म्हणून त्याच्या हिशेबात ‘दहाहून जास्त’ म्हणजे किमान अकरा. अकरा दिवस मागे मोजले की 3 डिसेंबरचे 5:32 येतात. रोज बदलल्या जाणाऱ्या फायली वाचल्या, जुन्या गेल्या. माझ्या मते ही अटच घातक ठरली: सगळंच उडालं असतं तर बोंब लगेच झाली असती.

15 डिसेंबर
पुसणं दिवसभर, रात्रभर चालू.

रिकाम्या व्हेरिएबलचा हा धोका ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज आपोआप बांधणाऱ्या स्क्रिप्टांत आणखी जवळ असतो. तिथे नव्या इमेजच्या मुळाचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये असतो आणि काम बहुधा रूटच्या अधिकाराने चालतं. तो पत्ता रिकामा झाला, की इमेजमधल्या फोल्डरऐवजी बांधणाऱ्या मशीनचंच फोल्डर साफ होतं. म्हणून मुरलेली माणसं सगळ्यात आधी एक छोटं फंक्शन लिहितात: व्हेरिएबल रिकामं असेल तर तिथल्या तिथे थांब. ‘सेट’ला ‘यू’ हा पर्याय दिला, तर न ठरवलेलं नाव दिसताच बॅश स्वतःच काम सोडतो. स्क्रिप्ट बदलतानाही नवी फाइल वेगळ्या नावाने लिहून ‘एमव्ही’ने जागेवर सरकवावी, चालू असलेला बॅश मग जुनीच वाचत राहतो.

16 डिसेंबर, गुरुवार, दुपारी 12:43
थांबलं. सुमारे 3 कोटी 40 लाख फायली, 77 टेराबाइट. फटका 14 गटांना बसला. त्यांतल्या 4 गटांच्या फायली बॅकअपमधूनही परत मिळणार नव्हत्या.

डिसेंबरअखेर
पूर्ण जबाबदारी आपलीच असल्याचं कंपनीने लेखी मान्य केलं. बॅकअपचं काम थांबवलेलं होतं; दुरुस्त्या करून ते जानेवारीअखेर पुन्हा सुरू करण्याचं विद्यापीठाने ठरवलं. मूळ फायलींच्या नुसत्या जशाच्या तशा प्रतीवर न विसंबता बदलांच्या वेगळ्या प्रतीही काही काळ राखून ठेवण्याचा बेत त्यात होता.